चाचणी नापास कधी होईल?

लिनक्स कर्नलमध्ये बदल सुचवणारी पॅचची मालिका आली, की तपासणारे आधी कर्नलच्या ओळींकडे वळतात. मालिकेच्या शेवटी बहुधा आणखी एक पॅच असतो, चाचणीचा. तिथवर पोचताना डोळे थकलेले असतात आणि मनात एक समजही असतो, की चाचणीत चूक राहिली म्हणून कुणाचा सर्व्हर काही बंद पडत नाही. खरं आहे, पडत नाही. पण सदोष चाचणी सर्व्हर बंद पाडणाऱ्या चुकीवर रोज 'पास'चा शिक्का मारत राहते आणि त्या शिक्क्यावर विसंबून माणसं निर्धास्त होतात. म्हणून चाचणीचा पॅच वाचणं हे कर्नलचा पॅच वाचण्याइतकंच जबाबदारीचं काम आहे, आणि माझ्या मते त्याहून अवघड. कर्नलच्या ओळी बरोबर चालतात का, एवढं विचारून तिथे भागतं. चाचणीला मात्र वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: ही नापास कधी होईल?

हा प्रश्न नीट समजायला केव्हीएमच्या चाचण्यांसारखं दुसरं उदाहरण नाही. केव्हीएम हा लिनक्स कर्नलचा भाग एका प्रत्यक्ष यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवतो. इस्रायलमधल्या क्युमरानेट या कंपनीत अवी किव्हिटी यांनी तो लिहिला, २००६ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आला. पुढच्या वर्षी रेड हॅटने ती कंपनीच विकत घेतली. केव्हीएम लिहिला गेला त्याच सुमारास इंटेल आणि एएमडी यांनी आपल्या प्रोसेसरांत व्हर्च्युअल मशीनसाठी खास सोय केली होती, आणि केव्हीएम तिच्यावरच उभा आहे. आज गूगलचा क्लाउड केव्हीएमवर चालतो आणि ॲमेझॉनच्या नायट्रो यंत्रणेच्या मुळाशीही तोच आहे. एका ग्राहकाच्या मशीनमधून दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येऊ नये, ही हमी शेवटी या कोडवर येऊन ठेपते.

केव्हीएमशी बोलण्याची रीत साधी आहे. प्रोग्रॅम 'डेव्ह-केव्हीएम' ही फाइल उघडतो आणि तिच्यामार्फत आज्ञा देतो: मशीन तयार कर, ही मेमरी त्याला जोड, एक व्हर्च्युअल सीपीयू दे. शेवटची आज्ञा असते 'रन'. ती मिळताच खरा प्रोसेसर आतल्या मशीनच्या, म्हणजे गेस्टच्या, सूचना थेट चालवू लागतो. गेस्टने असं काही केलं की ज्यात बाहेरच्या यंत्राची, होस्टची, मदत लागते, तर प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो, होस्ट ते काम करतो आणि प्रोसेसर पुन्हा आत शिरतो. ही ये-जा सेकंदाला हजारो वेळा होते. केव्हीएमच्या बऱ्याच अवघड चुका याच उंबऱ्यावर घडतात.

या कोडच्या चाचण्या कर्नलच्याच भांडारात, सेल्फटेस्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. त्यांचा पाया गूगलने दिला. केव्हीएमचे मेंटेनर पाओलो बोन्झिनी यांनी तो साफसूफ करून २०१८ मध्ये कर्नलमध्ये आणला. त्यांची रचना विलक्षण आहे. चाचणीचा प्रोग्रॅम एकच, पण त्यातलं एक फंक्शन होस्टवर चालण्यासाठी नसतंच. प्रोग्रॅम स्वतःचीच प्रत गेस्टच्या मेमरीत चढवतो आणि व्हर्च्युअल सीपीयूला सांगतो, या फंक्शनपासून सुरुवात कर. तिथे ना ऑपरेटिंग सिस्टिम, ना फाइली, ना पडदा. आतल्या कोडला बाहेर काही कळवायचं असेल तर 'यूकॉल' नावाची युक्ती वापरावी लागते: एक्स८६ वर एका ठरावीक पोर्टवर लिहायचं, आर्म६४ वर मेमरीच्या एका राखीव पत्त्यावर. त्या लिखाणाने गेस्टमधून एक्झिट होते आणि होस्टची बाजू निरोप वाचते. एकाच फाइलमधल्या शेजारशेजारच्या दोन फंक्शनांना दोन वेगळी जगं असतात, आणि पॅच वाचताना प्रत्येक ओळ कुठल्या जगात चालणार आहे याचं भान सोडता येत नाही.

आता या प्रकरणाची मुख्य गोष्ट.

२०१८ मध्ये, ४.१८ आवृत्तीत, कर्नलमध्ये 'आरसेक' नावाची सोय आली. प्रोग्रॅमचा एखादा थ्रेड सध्या कुठल्या सीपीयूवर चालतो आहे, हे त्याला दर वेळी कर्नलला न विचारता कळावं, हा तिचा एक उपयोग. थ्रेड आणि कर्नल यांच्यात मेमरीचा एक छोटा तुकडा सामायिक असतो. कर्नल त्यात सीपीयूचा क्रमांक लिहून ठेवतो, आणि थ्रेड दुसऱ्या सीपीयूवर हलवला, की त्याच्याकडे नियंत्रण परत देण्याआधी क्रमांक दुरुस्त करतो. गूगलच्या टीसीमॅलॉकसारखे मेमरी वाटणारे प्रोग्रॅम याच क्रमांकावर विसंबून प्रत्येक सीपीयूचा साठा वेगळा सांभाळतात. क्रमांक शिळा राहिला, तर दोन थ्रेड एकाच साठ्यात एकाच वेळी हात घालतील आणि डेटा बिघडेल. तोही मुकाट्याने.

नेमकं तेच घडण्याची वाट केव्हीएममध्ये उघडी राहिली होती. थ्रेड हलवला गेला, की कर्नल त्याच्यावर 'काम बाकी' अशी खूण करून ठेवतो. २०२० च्या एका बदलानंतर केव्हीएम गेस्टमध्ये शिरण्याआधी ही खूण पाहून बाकीची कामं उरकू लागला आणि खूण पुसू लागला. पण त्या वाटेवर आरसेकचा क्रमांक दुरुस्त करण्याचं काम वगळलं जात होतं. पुढे थ्रेड खरोखर आपल्या प्रोग्रॅमकडे परतायचा तेव्हा खूण पुसलेली असायची, त्यामुळे क्रमांक कुणीच दुरुस्त करत नसे. २०२१ मध्ये हे सापडलं, दुरुस्त झालं, आणि दुरुस्तीसोबत एक चाचणी आली. ती फाइल फार मोठी नाही, पण चाचणीचा पॅच कसा वाचावा हे शिकायचं असेल त्याने ती सावकाश वाचावी असं मी आवर्जून सांगेन.

तिच्यात दोन थ्रेड आहेत. पहिला अखंड 'रन'ची आज्ञा देतो. गेस्ट आत जाताच काही न करता बाहेर येतो. दुसरा थ्रेड पहिल्याला एका सीपीयूवरून दुसऱ्यावर हलवत राहतो, एकूण १ लाख वेळा. दर वेळी बाहेर आल्यावर पहिला थ्रेड दोन उत्तरं घेतो: आरसेकमधला क्रमांक, आणि आपण कुठल्या सीपीयूवर आहोत याचं वेगळ्या मार्गाने मिळालेलं उत्तर. दोन्ही जुळली पाहिजेत.

तपासणाऱ्याची पहिली शंका इथेच यायला हवी. एक उत्तर घेतलं, तेवढ्यात थ्रेड हलला, मग दुसरं घेतलं, तर दोन्ही खरी असूनही जुळणार नाहीत आणि निर्दोष कर्नल नापास ठरेल. चाचणीत यावर एक मोजणीचा आकडा ठेवला आहे. हलवणारा थ्रेड हलवण्याआधी तो एकाने वाढवतो आणि हलवून झाल्यावर पुन्हा एकाने. म्हणजे आकडा विषम असेल तर हलवाहलव चालू आहे. वाचणारा थ्रेड आकडा बघून दोन्ही उत्तरं घेतो, आकडा पुन्हा बघतो, आणि मधे हालचाल झाल्याचं दिसलं तर घेतलेलं टाकून पुन्हा घेतो. शिवाय या वाचनांचा क्रम प्रोसेसरने परस्पर बदलू नये म्हणून मधे बॅरिअर आहेत. एक बॅरिअर गळला, तरी चाचणी बहुतेक वेळा ठीकच चालेल आणि कुठल्या तरी मोठ्या यंत्रावर क्वचित उगाच नापास होईल. असा दोष चालवून सापडणं कठीण, तो वाचूनच सापडतो.

दुसरी शंका जास्त सूक्ष्म. हलवणारा थ्रेड दोन हालचालींमध्ये १ ते १० मायक्रोसेकंद थांबतो. चाचणीत असं वेळेवर बेतलेलं थांबणं दिसलं, की जाणकाराच्या कपाळावर आठी पडते, कारण आज एका यंत्रावर पुरलेला वेळ उद्या दुसऱ्यावर पुरेलच असं नाही. मग हे थांबणं कशासाठी? उत्तर कोडमधल्या लांबलचक टिपेत दिलं आहे: थ्रेड गेस्टमध्ये शिरण्याआधी हलवला जावा आणि पुढच्या हालचालीआधी त्याची तपासणी पुरी व्हावी, नाहीतर जी चूक पकडायची तीच निसटते. इथे थांबणं हा आळस नाही, त्याला कारण आहे, आणि ते कारण लिहिलेलं आहे. टीप नसती, तर वर्षभराने कुणीतरी सद्भावनेने हे थांबणं काढून टाकण्याची 'सुधारणा' केली असती, ती सहज मंजूर झाली असती, आणि चाचणी कायमची पास होऊ लागली असती. टिपेसाठी अडून बसणारा तपासनीस किचकट वाटतो, पण तो पुढच्या तपासनिसाचा वेळ वाचवत असतो.

पुढचा अध्याय २०२२ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत जीलिबसी या सी भाषेच्या मूळ ग्रंथालयाची २.३५ आवृत्ती आली. ती प्रत्येक थ्रेडसाठी आरसेकची नोंदणी स्वतःच करू लागली. आपली चाचणीही नोंदणी करत होती. एका थ्रेडची दोनदा नोंदणी कर्नल मान्य करत नाही, म्हणून नव्या वितरणांवर चाचणी सुरुवातीलाच कोसळली. ही मोठ्याने ओरडणारी चूक होती. पॅच आला: जीलिबसीने नोंदणी केलेली असेल तर तीच वापरा. कोसळणं थांबलं, चाचणी पास होऊ लागली.

आणि मग जीलिबसीच्या जाणकाराने एक गोष्ट दाखवून दिली. चाचणीतलं दुसरं उत्तर ज्या फंक्शनकडून येत होतं, ते जीलिबसीचंच होतं, आणि २.३५ पासून ते फंक्शन, शक्य असेल तेव्हा, आपलं उत्तर आरसेकच्या त्याच तुकड्यातून काढून देऊ लागलं होतं. म्हणजे चाचणी आता एका घड्याळात दोनदा पाहून दोन्ही वेळा जुळल्याची ग्वाही देत होती. क्रमांक शिळा असला, तर दोन्हीकडे तोच शिळा क्रमांक. मूळ चूक कर्नलमध्ये परत आणली असती तरी चाचणी शांतपणे पास झाली असती. उपाय साधा: जीलिबसीला न विचारता थेट कर्नलला विचारायचं.

या प्रसंगात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता, म्हणूनच तो इतका महत्त्वाचा वाटतो. चाचणीच्या त्या ओळीला कुणी हातही लावला नव्हता. तिच्याखालची जमीन सरकली आणि तुलनेच्या दोन बाजू एक झाल्या. फक्त बदललेल्या ओळी वाचणाऱ्याला हे दिसणं शक्य नाही. ज्याने तुलनेतली प्रत्येक बाजू कुठून येते हे विचारलं, त्यालाच ते दिसतं. व्यवहारात त्यासाठी एक जुना, कष्टाचा आणि खात्रीचा मार्ग आहे: कर्नलमधली दुरुस्ती काढून टाकायची, कर्नल पुन्हा बांधायचा, आणि चाचणी खरंच नापास होते का ते पाहायचं. मुळात पाठवणाऱ्यानेच हे करावं आणि पॅचच्या मजकुरात तसं लिहावं. लिहिलं नसेल, तर विचारण्यात संकोच नको.

गेस्टच्या बाजूचे दोष वेगळ्या जातीचे असतात. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम नाही हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, पण कंपायलरला माहीत नसतं. एखादी मोठी रचना शून्याने भरणारी साधी ओळ लिहिली, तर कंपायलर तिच्या जागी मेमसेट या ग्रंथालयाच्या फंक्शनला हाक मारून मोकळा होतो. जीलिबसीचं मेमसेट चालू प्रोसेसर पाहून त्याला साजेशी वेगवान आवृत्ती निवडतं. होस्टवर हे उत्तम. गेस्टमध्ये ती निवड करणारी यंत्रणाही नाही आणि त्या वेगवान सूचना सुरूही केलेल्या नाहीत. म्हणून २०२२ मध्ये या चाचण्यांना मेमसेट, मेमकॉपी आणि मेमकम्पेअरच्या स्वतःच्या साध्या आवृत्त्या देण्यात आल्या.

त्यानंतरही हा प्रश्न दुसऱ्या दाराने आलाच. काही लिनक्स वितरणांनी जीसीसी कंपायलरचं मूळ लक्ष्य 'एक्स८६-६४ व्ही३' हे नवं प्रोसेसर-मान केलं, त्यात एव्हीएक्स सूचना येतात. चाचणीचा एक शब्दही न बदलता गेस्टचा कोड एव्हीएक्स सूचनांनी भरला. गेस्टमध्ये एव्हीएक्स सुरू केलेलं नव्हतं, त्यामुळे 'अवैध सूचना' हा सहा क्रमांकाचा अपवाद उठून चाचण्या धडाधड पडू लागल्या. कंपायलरला जुन्या मानावर थांबायला सांगणं हा एक उपाय झाला. गेस्टमध्ये ही सोय आधीच सुरू करून ठेवणं हा दुसरा. या चुका मोठ्याने ओरडल्या म्हणून लवकर पकडल्या गेल्या. याच घराण्यातली मुकी चूक अशी: गेस्टने एका पत्त्यावर लिहायचं आणि ते लिखाण केव्हीएमने पाहिलं का हे तपासायचं. त्या लिखाणाचा पुढे कुठे उपयोग होत नाही असं कंपायलरला वाटलं, तर तो ते काढूनच टाकतो. म्हणून गेस्टच्या कोडमध्ये साध्या 'बरोबर' चिन्हाने केलेलं लिखाण दिसलं, की ते काढू नको असं कंपायलरला बजावणारं 'राइट वन्स' का नाही, हा प्रश्न ठरलेला.

मेमरीच्या पानांच्या आकारावरही नजर ठेवावी लागते. एक्स८६ वर मूळ पान ४ केबीचं, त्यामुळे तिथे वाढलेला प्रोग्रॅमर ४०९६ हा आकडा सहज लिहून जातो. आर्म६४ वर पान १६ किंवा ६४ केबीचंही असू शकतं, आणि होस्टचं पान ६४ केबीचं असताना गेस्टचं ४ केबीचं असू शकतं. गेस्टने कोणती पानं बदलली याची नोंद केव्हीएम ठेवतो, चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना तीच नोंद कामी येते. तिची चाचणी पानांची गल्लत करत असेल, तर ती भलत्याच पानांकडे पाहत बसते. इंटेल आणि एएमडी यांच्यातही फरक आहेत: गेस्टने केव्हीएमला हाक मारायची सूचनाच दोघांकडे वेगळी आहे. एक्स८६ च्या केव्हीएम मेंटेनरांनी आपल्या नियमावलीत दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरांवर चाचणी घ्यावी असं सांगितलं आहे, आणि नव्या सोयीसोबत तिच्या चाचण्याही मागितल्या आहेत.

चाचणीला पास आणि नापास याखेरीज तिसरं उत्तरही असतं: वगळली. यंत्रात ती सोयच नसेल, तर चाचणीने ४ हा ठरलेला आकडा परत देऊन बाजूला व्हायचं असतं. हे योग्यच, पण तिथे एक सापळा आहे. सोय आहे का हे विचारणारी अट चुकून फार कडक लिहिली, तर चाचणी सगळीकडेच स्वतःला वगळते आणि अहवालात लाल काही दिसत नाही. पॅच वाचताना ती अट कुठल्या खऱ्या प्रोसेसरवर पुरी होते, ते शोधून काढावं.

पॅचच्या मजकुराबद्दल थोडक्यात. कर्नलच्या प्रत्येक बदलावर २००४ पासून 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ असते, आणि तपासणारा समाधानी झाला की 'रिव्ह्यूड-बाय' देतो. 'टेस्टेड-बाय' म्हणजे चालवून पाहिलं. या ओळी कायमच्या इतिहासात जातात. चाचणीच्या पॅचवर 'रिव्ह्यूड-बाय' देणाऱ्याने ती निदान एकदा नापास होताना पाहिलेली असावी, असा माझा आग्रह आहे, मग तशी सक्ती असो वा नसो.

आरसेकच्या चाचणीत शेवटी आणखी एक तपासणी आहे. १ लाख हालचालींमध्ये 'रन'ची आज्ञा निम्म्याहून जास्त वेळा, म्हणजे ५० हजारांहून अधिक वेळा, पुरी झालीच पाहिजे. नाहीतर चाचणी स्वतःलाच नापास करते. कारण थ्रेड अडकून पडला आणि गेस्टमध्ये फारसा गेलाच नाही, तर चूक न सापडण्याला काही अर्थ उरत नाही. काही सर्व्हरवर नेमकी हीच अट मोडू लागली. तिथले रिकामे सीपीयू ऊर्जा वाचवायला गाढ झोपी जातात आणि जागे व्हायला इतका वेळ घेतात, की थ्रेड गेस्टमध्ये शिरण्याआधीच पुढच्या सीपीयूवर हलवला जातो. कर्नल निर्दोष, चाचणी निर्दोष, तरी निकाल नापास.

अशा वेळी अट काढून टाकणं किंवा ५० हजारांचे ५ हजार करणं सगळ्यांत सोपं असतं. तसं केलं गेलं नाही. अट जागच्या जागी राहिली, ती वगळण्यासाठी चालवणाऱ्याने जाणीवपूर्वक द्यायचा एक पर्याय आला, आणि नापास होतानाच्या संदेशात आता लिहिलेलं असतं, की सीपीयूची गाढ झोप बंद करून पाहा, ती कशी बंद करायची, आणि तेही जमत नसेल तर कुठला पर्याय द्यायचा.